एका धाब्याखालची हवा

प्रस्तावना

घरात कुणाला ताप-खोकला झाला की आमच्या चाळीसगावच्या बाजूला अहिराणीत एक उद्गार सहज निघतो : ‘एकले उना का आख्खा घरले येस.’ एकाला आला की अख्ख्या घराला येतो. म्हणणारी बहुधा घरातली आजी किंवा आई असते, आणि म्हणता म्हणता ती तापलेल्या लेकराच्या कपाळावरची पट्टी बदलत असते. या वाक्यात अनुभव आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका धाब्याखाली, म्हणजे मातीच्या एका छताखाली, एका चुलीभोवती राहिलेल्या माणसांनी जे पाहिलं, तेच त्यात उतरलं आहे. पण त्यात हार मानणंही आहे. येणारच आहे तर येऊ द्या, असं ते वाक्य हळूच सुचवतं आणि खिडकी उघडायला उठलेला हात पुन्हा खाली येतो.

हे पुस्तक त्या वाक्याच्या उत्तरार्धाशी वाद घालण्यासाठी लिहिलं आहे. एकाला आला, हे खरं. अख्ख्या घराला येतोच, हे खरं नाही. श्वासावाटे पसरणारा विषाणू घरात शिरला, तरी आजारी माणूस आणि बाकीचं घर यांच्यामध्ये तीन गोष्टी उभ्या असतात : हवा, वेळ आणि सेवा. सगळे कोणत्या हवेत झोपतात, आजार ओळखून पहिलं पाऊल उचलायला किती वेळ जातो, आणि आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं. या तिन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात घराच्याच हातात असतात. विषाणू घराबाहेरून येतो. तो घरात किती जणांपर्यंत पोचतो, हे पुष्कळसं घरात ठरतं.

हा विषय आमच्या खानदेशाला नवा नाही. १९१८च्या इन्फ्लुएंझाला मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणत. नाव ऐकलं तरी दुखणं डोळ्यांसमोर येतं. त्या वर्षी १० जूनला मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानं आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पहिली लाट तुलनेनं सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं मेली. साथ पुढे लोहमार्गानं देशभर गेली. मुंबईहून निघालेली गाडी नाशिक, मनमाड, नांदगाव करत चाळीसगावला येते आणि पुढे पाचोरा, जळगाव, भुसावळकडे जाते. चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटाही तोवर सुरू झालेला होता. म्हणजे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, दोन्हींकडे जाणारा रस्ता आमच्या स्टेशनातून जात होता. त्यातच त्या वर्षी पावसानं दगा दिला, धान्य महागलं, माणसं आधीच खंगलेली होती. हिंदुस्थानात मानमोडीनं मेलेल्यांची संख्या अभ्यासक सव्वा ते दोन कोटींच्या आसपास मानतात. विसाव्या शतकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली असं दशक एकच, १९११ ते १९२१.

त्या साथीचा प्रवास आगगाडीनं झाला, मृत्यू मात्र घरांत झाले. रुग्णालयं शहरात, तीही थोडी. बाकीच्यांची शुश्रूषा ओसरीवर आणि माजघरात झाली. त्या काळच्या मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या की एक गोष्ट मनाला चटका लावते. हिंदुस्थानात ऐन उमेदीच्या वयातल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात मेल्या. इतिहासकार याची कारणं सांगतात ती साधी आहेत : आजाऱ्याजवळ रात्रंदिवस बसायची ती बाई, आणि घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं खायची तीही बाईच. या पुस्तकाचा तिसरा भाग ज्या प्रश्नावर उभा आहे, तो तेव्हापासूनचा आहे.

मानमोडीच्या आधी वीस-बावीस वर्षं प्लेग येऊन गेला होता. उंदीर पडू लागले की गाव सोडायचं, शेतात किंवा माळावर झोपड्या घालून राहायचं, हे लोक त्यातून शिकले होते, आणि ते बरोबरच होतं. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो, म्हणून उंदरांच्या घरापासून दूर जाणं म्हणजे आजारापासून दूर जाणं. मानमोडीला हा उपाय लागू पडणं शक्य नव्हतं. ती भिंतीच्या बिळात लपलेली नव्हती, घरच्यांच्याच श्वासात होती. माणसं झोपडीत गेली असती तर तीही बरोबर गेली असती. त्या वेळी तर हा आजार विषाणूनं होतो हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. माणसांतल्या इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो १९३३मध्ये.

घर हेच अभ्यासाचं ठिकाण आहे, हे वैद्यकाला जरा उशिरा पण फार चांगलं कळलं. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक सोपी मोजणी रूढ केली. घरात पहिला आजारी पडला त्याला बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यांपैकी किती जणांना आजार झाला ते मोजायचं. याला या पुस्तकात मी ‘घरातला लागण-दर’ म्हटलं आहे. पहिल्याला का धरायचं नाही? कारण तो बाहेरून घेऊन आला. घराची परीक्षा सुरू होते ती त्याच्यानंतर.

इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावी होप-सिम्पसन नावाचे एक साधे कुटुंब-डॉक्टर होते. त्यांनी आपल्या रुग्णांच्या घरांमधून हीच मोजणी चिकाटीनं केली आणि १९५२मध्ये मांडली. ज्यांना तो आजार आधी झालेला नव्हता, अशा घरातल्या मुलांपैकी गोवराची लागण शंभरात सुमारे ७६ जणांना झाली, कांजिण्यांची ६१ जणांना आणि गालगुंडाची ३१ जणांना. छप्पर तेच, ताट तेच, अंथरूण तेच, तरी तीन आजारांचे तीन आकडे. ‘अख्ख्या घराला येतो’ हे वाक्य लस न घेतलेल्या घरातल्या गोवराला जवळजवळ लागू पडतं. म्हणूनच २०२२च्या अखेरीस मुंबईत आणि आमच्या शेजारच्या मालेगावात गोवर उसळला, तेव्हा लस राहून गेलेल्या मुलांना शोधत घरोघर फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाकीच्या बहुतेक आजारांना मात्र ते वाक्य लागू पडत नाही.

कोविडचंच घ्या. २०२०च्या अखेरीस जगभरच्या ५४ अभ्यासांमधली ७७ हजारांहून जास्त माणसं एकत्र धरून हिशेब मांडला गेला. घरातला लागण-दर निघाला १६.६ टक्के. म्हणजे एका घरातल्या उरलेल्या सहा जणांपैकी सरासरी एकाला. हे वाचून पुष्कळांचा विश्वास बसत नाही, कारण आठवतात ती सगळं घर आडवं झालेली घरं. एकावर थांबलेल्या घराची गोष्ट कुणी सांगत नाही. त्याच हिशेबातल्या काही अभ्यासांत नवरा-बायकोमधला दर ३७.८ टक्के होता आणि घरातल्या इतरांचा १७.८. छप्पर एक असूनही जवळीक किती, एका खोलीत किती तास, यावर दर दुपटीनं बदलला. पुढे ओमायक्रॉन आला तेव्हा घरातला दर ४२ टक्क्यांच्या पुढे गेला. विषाणू बदलतो, आकडा बदलतो. पण तेव्हाही निम्म्याहून जास्त माणसं वाचलीच होती.

आपल्याकडचा मोठा अभ्यास आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतला. २०२०मध्ये तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी ८४,९६५ रुग्णांच्या संपर्कात आलेल्या ५,७५,०७१ माणसांचा माग काढला. ज्यांच्या संपर्कांची तपासणी झाली, त्यांतल्या ७१ टक्के रुग्णांपासून पुढे एकालाही लागण झालेली आढळली नाही. चाचणीतून काही सुटले असतील हे गृहीत धरलं, तरी चित्र स्पष्ट आहे. ही साथ सगळ्यांकडून सारखी पसरत नव्हती. काही माणसं, काही खोल्या आणि काही तास तिला फार मानवत होते. ते कोणते, हे ओळखणं म्हणजेच या पुस्तकाचं काम.

घरातल्या साखळीचं गणित समजावण्यासाठी लोवेल रीड आणि वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे दोन अमेरिकन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना रंगीत गोळ्या घेऊन बसवत. मी इथं गोळ्यांऐवजी टक्केवारी वापरतो. समजा, घरात एक जण आजारी आहे आणि त्याच्यापासून वाचण्याची तुमची शक्यता शंभरात ८० आहे. आता दुसराही आजारी पडला. दोघांपासूनही वाचण्याची शक्यता ८०च्या ८० टक्के, म्हणजे ६४. तिसरा पडला की ५१. पहिला आजारी पडला तेव्हा सहज वाचणारी आजी तिसऱ्याच्या वेळी नाणं उडवल्यासारखी अधांतरी असते. म्हणून घरातला दुसरा रुग्ण टाळणं हे सगळ्यांत मोलाचं. पुष्कळ घरं नेमकी तिथं हात टेकतात : आता दोघांना झालाच आहे, मग कशाला वेगळं राहायचं? उत्तर असं, की आजी अजून राहिली आहे.

आता घरात शिरू. चाळीसगाव तालुक्यातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. पुढे ओटा, मग ओसरी, आत दोन खोल्या, मागे स्वयंपाक. मातीच्या जुन्या धाब्याची जागा आता बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या स्लॅबनं घेतली आहे. दिवाळीनंतर यातली एक खोली माणसांची राहत नाही. भाव वाढेल या आशेनं वेचलेला कापूस तिथं छतापर्यंत भरलेला असतो. मग सहा-सात माणसं उरलेल्या एका खोलीत आणि ओसरीत येतात. तेच दिवस थंडीचे. दारं बंद, खिडकीच्या फटीत फडकं, अंगावर गोधड्या. श्वासाच्या आजारांचे दिवस आणि कापूस घरात भरण्याचे दिवस एकच असावेत, हा खानदेशी कुटुंबाच्या तब्येतीवर कापसाच्या बाजारभावाचा एक न मोजलेला परिणाम आहे. शेतकऱ्यानं कापूस विकावा की ठेवावा हे मी सांगणार नाही. पण एक खोली कापसानं घेतली की उरलेल्या खोलीची खिडकी दुप्पट कामाची होते, एवढं त्याला सांगायला हवं.

खोलीतल्या हवेचा हिशेब जरा नीट पाहू. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे ९०० घनफूट, सुमारे २५ घनमीटर हवा. झोपलेलं माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत-बाहेर करतं. आठ तासांत ती होते जवळजवळ तीन घनमीटर. चार माणसं झोपली तर बारा. म्हणजे बंद खोलीतली निम्मी हवा सकाळपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या छातीतून जाऊन आलेली असते. त्या चौघांत एक जण विषाणू सोडत असेल, तर बाकीचे तिघं रात्रभर तोच वाटून घेतात. खोकला-शिंकेचे मोठे थेंब मीटर-दोन मीटरवर खाली पडतात. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही जे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, ते मात्र धुरासारखे तरंगत राहतात. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं २० मे २०२१ रोजी जी सोपी पत्रिका काढली, तिच्यात असे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात हे सांगून घरातल्या हवेच्या वाटांवर सगळा भर दिला होता. कोविडची दुसरी लाट तोवर घराघरांतून फिरून गेली होती. ती पत्रिका वर्षभर आधी प्रत्येक ओसरीवर लागली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बाहेरची ताजी हवा किती उपयोगी पडते, याचंही गणित सोपं आहे. खोलीभर हवा तासात एकदा बदलली, तर आधीच तरंगत असलेल्या कणांपैकी सुमारे ६३ टक्के निघून जातात. तीनदा बदलली तर ९५. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो, बदलत नाही. बदलण्यासाठी एक वाट आत यायची आणि एक बाहेर जायची लागते. एकच खिडकी अर्धी उघडली आणि समोरचं दार लावून घेतलं तर वारा अडून राहतो. आमच्याकडची चूल हे फार जुन्या काळापासून शिकवत आली आहे. धूर कोंडला की डोळे चुरचुरतात, मग कुणीतरी उठून मागचं दार उघडतं आणि पुढून आलेली झुळूक धूर घेऊन जाते. विषाणूमुळे डोळे चुरचुरत नाहीत, म्हणून दार उघडायला कुणी उठत नाही. अशा वेळी उदबत्ती कामाला येते. आजाऱ्याच्या खोलीच्या दारात ती धरा. धूर घराकडे वळला तर खोलीतली हवा बाकीच्यांकडे येते आहे. धूर खोलीतून खिडकीकडे निघाला तर घर बरोबर वागतं आहे.

खानदेशाच्या उन्हाळ्याबद्दलही लिहायला हवं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि दिवसभर दारं-खिडक्या बंद करून बसण्याला पर्याय नसतो. इथं घरोघरी कूलर असतो. तो खिडकीत, बाहेरच्या बाजूनं बसवला आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवली, तर तो सतत बाहेरची हवा आत ढकलतो आणि आतली बाहेर काढतो. तोच कूलर खोलीच्या मध्ये ठेवून सगळं बंद केलं, तर गारवाही नीट मिळत नाही आणि श्वासही तेच फिरत राहतात. यंत्र एकच, ठेवण्यात फरक. आणि रात्री धाब्यावर किंवा गच्चीवर झोपायची आपली जुनी रीत तर या विषयातलं उत्तम शहाणपण आहे. उघड्या आकाशाखाली खोलीचे २५ घनमीटर मोजावेच लागत नाहीत. घरात कुणी खोकत असेल आणि बाहेर झोपण्याजोगी हवा असेल, तर निरोग्यांनी वर जावं. आजाऱ्याला झेपत असेल तर त्यालाही वरच, थोड्या अंतरावर बाज टाकून द्यावी.

दुसरी गोष्ट वेळेची. श्वासाच्या पुष्कळ विषाणूंची खोड अशी, की ते माणूस आजारी दिसण्याआधीच बाहेर पडू लागतात. इन्फ्लुएंझात सुमारे एक दिवस आधी, कोविडमध्ये एक-दोन दिवस आधी. बीजिंगमधल्या १२४ कुटुंबांचा एक अभ्यास २०२०मध्ये झाला. पहिल्या रुग्णाला लक्षणं दिसण्याआधीपासूनच ज्या घरात तो आणि घरचे मास्क वापरत होते, तिथं पुढची लागण ७९ टक्क्यांनी कमी आढळली. लक्षणं सुरू झाल्यानंतर घातलेल्या मास्कचा तसा फायदा दिसला नाही. हाँगकाँगमध्ये इन्फ्लुएंझावर झालेल्या एका चाचणीनंही जवळपास हेच सांगितलं : मास्क आणि हात धुणं पहिल्या ३६ तासांत सुरू झालं तर घराला फायदा, नंतर फारसा नाही.

याहून जुना आणि आपल्याच देशातला धडा मद्रासचा आहे. १९५०च्या दशकात तिथं क्षयरोगावर एक धाडसी प्रयोग झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच औषधं दिली. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्त क्षय होईल, अशी भीती होती. तसं झालं नाही. क्षय जंतूनं होतो, विषाणूनं नाही, आणि त्यावर औषध आहे, म्हणून तुलना जपून करावी लागते. पण त्यातून निघालेला अर्थ दूरवर जातो. घराचं नुकसान बहुतेक वेळा निदान होण्याआधी झालेलं असतं, रुग्णाला घरात ठेवल्यामुळे नव्हे. आजाऱ्याला घराबाहेर काढण्यापेक्षा आजार लवकर ओळखणं जास्त माणसं वाचवतं.

म्हणून या पुस्तकात ‘अहवाल येईपर्यंत’ या शब्दांशी मी पुन्हापुन्हा भांडलो आहे. घसा खवखवला, अंग मोडून आलं, की त्याच संध्याकाळी खिडकी उघडायची, मास्क लावायचा, अंथरूण वेगळं टाकायचं आणि आजी-आजोबांच्या शेजारून उठायचं. दुसऱ्या दिवशी साधं पडसं निघालं तर एक रात्र वेगळं झोपल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

पण वेगळं झोपणं आपल्याकडे इतकं सोपं का नाही? कारण आपल्या भाषेत वेगळं ठेवण्याच्या शब्दाला शतकांची जखम आहे. वाळीत टाकणं, शिवू न देणं, विटाळ. २०२०मध्ये विलगीकरण हा नवा शब्द आला, आणि पुष्कळ ठिकाणी तो जुन्या शब्दांच्या वाटेनंच आत शिरला. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले गेले, बऱ्या होऊन आलेल्या माणसाच्या ओट्यावर कुणी बसेना. त्या अपमानाच्या भीतीनं माणसं ताप लपवू लागली. लपवलेला ताप म्हणजे विषाणूला मिळालेले जादा दिवस. इथं मी एवढाच भेद करतो : वाळीत टाकताना माणसाकडे पाठ फिरवतात, वेगळं ठेवताना त्याच्याकडे तोंड असतं. जेवण दारात ठेवून निघून जाणं वेगळं. जेवण देऊन दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला बसून त्याच्याशी गप्पा मारणं वेगळं. दोन्हींत अंतर तेवढंच असतं.

चाळीसगावला एकांताचा एक थोर पुतळाच लाभला आहे. कलामहर्षी केकी मूस कित्येक दशकं आपल्या बंगल्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. त्या घरात राहून त्यांनी छायाचित्रं काढली, चित्रं काढली, शिल्पं केली. तो एकांत त्यांनी स्वतः निवडला होता. आजारी माणसावर तो लादला जातो, तेव्हा तो हलका करणं ही घराची जबाबदारी असते.

यातून तिसरी गोष्ट येते, सेवा. मानमोडीत उशाशी बसणारी बाई आजही तिथंच बसलेली आहे. रात्री काढा, दिवसा डबा, कपडे, भांडी, आणि स्वतःला कणकण आली तर कुणाला न सांगता कामावर उभं राहणं. घरातल्या लागणीचा कुठलाही आकडा वाचताना हे लक्षात ठेवायला हवं, की जवळीक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की सेवेची वाटणी घरात बोलून ठरावी. उशाशी एकाच माणसानं जावं, सगळ्यांनी नाही. त्यानं लस घेतलेली असावी, त्याला दमा, मधुमेह असं काही नसावं, आणि ती व्यक्ती दर वेळी सूनच असावी असा कुठलाही नियम विज्ञानात नाही. मुलगा, नवरा, दीर हेही पट्टी बदलू शकतात. सेवा करणाऱ्यानं मास्क नाकावर घट्ट लावावा, आजाऱ्यालाही लावायला सांगावं, खोलीत लागेल तेवढाच वेळ थांबावं आणि बाहेर आल्यावर हात साबणानं धुवावेत. त्याच्या जेवणाची आणि झोपेची काळजी कोण घेणार, हेही त्याच बोलण्यात ठरावं.

बाळंतिणीच्या खोलीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण घरातला सगळ्यांत नाजूक श्वास तिथं असतो. मोठ्यांना नुसती सर्दी करणारा आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या बाळाची छाती भरवतो. तो बहुधा शाळेत जाणारं थोरलं भावंडच घेऊन येतं, लाडानं, पापी घेता घेता. पाहुण्यांना काही दिवस बाळंतिणीपासून दूर ठेवण्याची आपली रीत या दृष्टीनं शहाणी आहे. त्याच खोलीत दारं-खिडक्या बंद करून शेगडी पेटवायची आणि धुरी द्यायची रीत मात्र घातक आहे. जुनं ते सगळं टाकावं असं मी म्हणत नाही, सगळं ठेवावं असंही नाही. पाहुणे आवरा आणि खिडकी उघडा, एवढंच.

हे पुस्तक कुणासाठी आहे? आधी घरातल्या त्या एका माणसासाठी, जे घरात तापाची बातमी कळल्यावर काय करायचं ते ठरवतं. मग आशाताईंसाठी. १५ सप्टेंबर २०२०पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत गावोगावचे उंबरे ओलांडून ज्यांनी ताप आणि ऑक्सिजन मोजला, त्यांना घरं आतून जितकी माहीत आहेत तितकी कुणालाही नाहीत. त्यांच्या पिशवीत राहील अशा आकाराचं हे पुस्तक असावं, असं मनात होतं. मग शाळेच्या शिक्षकांसाठी, कारण उदबत्तीचा प्रयोग आणि ८०-६४-५१चं गणित आठवीच्या वर्गात सहज शिकवता येतं, आणि मुलं ते घरी नेतात.

पुस्तकाचे भाग तीन आहेत. पहिल्यात हवा : खोल्यांचं मोजमाप, खिडक्या, कूलर, चूल, कापूस आणि गच्ची. दुसऱ्यात वेळ : कोणता आजार लक्षणांच्या किती आधी आणि किती दिवस पसरतो, लस या वेळापत्रकात कुठं बसते, पहिल्या रात्री काय करायचं. तिसऱ्यात सेवा : उशाशी कोण, तान्हं बाळ आणि म्हातारी माणसं, ऊसतोडीच्या पालावर एका कोपीत राहणारं कुटुंब, आणि एकच खोली असलेलं घर. एकच खोली असलेल्यांना ‘वेगळी खोली द्या’ असं सांगणाऱ्या सूचना मी आयुष्यभर वाचत आलो आणि दर वेळी अस्वस्थ झालो. त्यांच्यासाठी अंथरुणांची दिशा, डोकं-पाय उलटसुलट, ओट्यावरची बाज, मध्यरात्री एकदा उठून दहा मिनिटं दार सताड उघडणं, असे जमतील तेवढे उपाय मांडले आहेत. ते पुरेसे आहेत असा माझा दावा नाही. घरंच मोठी आणि हवेशीर होणं हा खरा उपाय, आणि तो एका कुटुंबाच्या हातात नाही. घरकुल योजनेचा आराखडा काढणाऱ्यानं समोरासमोरच्या दोन खिडक्या आखल्या, तर तो एका रेघेनं पुष्कळ आजार टाळतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. हे उपचाराचं पुस्तक नाही. दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील, ऑक्सिजन ९४च्या खाली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर पुस्तक मिटा आणि दवाखाना गाठा.

ज्यांनी आपल्या घरांत मला बसवून घेतलं, कोण कुठं झोपतं, कोण शेवटी जेवतं हे मोकळेपणानं सांगितलं, त्यांची नावं इथं देत नाही, कारण ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे. हे पुस्तक त्यांच्या ओसऱ्यांवर बसूनच उमजलं.

आणि ज्या वाक्यापासून सुरुवात केली, ते म्हणणाऱ्या सगळ्या आज्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. वाक्याचा पूर्वार्ध तुमचाच राहू द्या, तो अनुभवाचा आहे. उत्तरार्ध तेवढा बदला : ‘एकले उना, आते खिडकी उघाडा.’

चाळीसगाव